मापांचा कागद आधी, किंमत नंतर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौसेने स्वतःचे विमान बांधणाऱ्यांविषयी आपल्या दैनिकात गेल्या महिन्यात एक लेख प्रसिद्ध झाला आणि त्यावर एका वाचकांचे पत्रही छापून आले. ज्याला नवे इंजिन घेणे परवडत नाही त्याने विमान बांधण्याच्या भानगडीत पडू नये, कारण जुने दुरुस्त केलेले इंजिन घेऊन आकाशात जाणे म्हणजे जिवाशी खेळ, असे त्या पत्राचे सार होते. पत्रलेखकांची काळजी खरी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. मात्र त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो तसाच वाचकांसमोर राहिला तर विमान बांधणारे भलत्याच गोष्टीवर पैसे खर्च करतील, अशी भीती वाटते.

मी विमान अभियंता नाही. वागळे इस्टेटमध्ये ३८ वर्षे माझा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंडिंग आणि सिलिंडर बोअरिंगचा कारखाना होता. ट्रकची, जनरेटरची, ससून डॉक आणि उत्तनच्या मच्छीमार होड्यांची इंजिने माझ्या हाताखालून गेली. विमानाचे इंजिन मात्र निवृत्तीनंतरच प्रथम हाताळले, तेही माझा भाचा रबाळ्याला एका गाळ्यात दोन आसनी विमान बांधू लागला म्हणून. अशी माणसे आपल्याकडे अगदीच विरळ नाहीत. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

पहिली गोष्ट शब्दांची. 'जुने', 'दुरुस्त केलेले' आणि 'ओव्हरहॉल केलेले' हे तीन शब्द पत्रात एकाच अर्थाने आले आहेत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दुरुस्ती म्हणजे जे बिघडले तेवढेच बदलणे. ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण उकलणे, प्रत्येक भाग धुऊन तपासणे व मोजणे, पोलादी भागांत चुंबकीय तपासणीने तडे शोधणे, पिस्टन रिंगा, बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, गॅस्केटे यांसारखे निर्मात्याने ठरवून दिलेले भाग चांगले दिसत असले तरी टाकून देऊन नवे घालणे, आणि मग इंजिन पुन्हा बांधून चालवून पाहणे. हौशी विमानांत सर्रास दिसणारी अमेरिकेतील लायकमिंग कंपनीची १६० अश्वशक्तीची ओ-३२० आणि १८० अश्वशक्तीची ओ-३६० ही चार सिलिंडरांची, हवेने थंड होणारी इंजिने अशीच पुन्हा पुन्हा उघडली जावीत या हिशेबानेच रचलेली आहेत. निर्मात्याने त्यांच्या ओव्हरहॉलसाठी सर्वसाधारणपणे २००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत सुचवली आहे. जगभरच्या वैमानिक प्रशिक्षण शाळांतील विद्यार्थी ज्या छोट्या विमानांवर उडायला शिकतात त्यांतील कितीतरी विमाने ओव्हरहॉल झालेल्या इंजिनांवरच चालतात, हे पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावे.

मात्र ओव्हरहॉल हा शब्दही एका अर्थाचा नाही, आणि विकत घेणारा नेमका इथेच फसतो. निर्मात्याच्या मापांच्या तक्त्यात बहुतेक भागांपुढे दोन प्रकारच्या मर्यादा दिलेल्या असतात. एक, नवा भाग ज्या मर्यादेत बनवला जातो ती. आणि दुसरी, चालून झिजलेला भाग जिथपर्यंत पुन्हा वापरायला हरकत नाही ती. दुसऱ्या मर्यादेच्या अगदी काठावर असलेला जर्नल (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) पुन्हा बसवला तरी कायद्याने ते ओव्हरहॉलच ठरते. आता ज्या इंजिनाचे सगळे भाग नव्याच्या मापांत आणले आहेत आणि ज्याचे भाग जेमतेम काठावर बसले आहेत, त्या दोन्हींच्या कागदावर एकच शब्द लिहिलेला असतो आणि जाहिरातीतही तोच. 'शून्य तास' हा शब्दही असाच सैलपणे वापरला जातो. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे जुन्या इंजिनाची नोंदवही कोरी करून शून्यापासून सुरू करण्याचा अधिकार फक्त निर्मात्याला किंवा निर्मात्याने मान्यता दिलेल्या संस्थेला आहे. इतर कोणी कितीही उत्तम काम केले तरी इंजिनाचे एकूण तास पुढे चालूच राहतात.

आता आमच्या गाळ्यातील हकीकत सांगतो, कारण तिच्यात आमचीही चूक आहे आणि ती इतरांनी करू नये. भाच्याने पंखांचे काम अर्धेही झाले नसताना परदेशातून एक ओव्हरहॉल केलेले ओ-३२० मागवले. किंमत बरी मिळाली आणि पुढे डॉलर वाढेल, असा त्याचा हिशेब. इंजिन पेटीतून आले, सोबत सही-शिक्क्याचा एक कागद आला आणि त्यावर ओव्हरहॉल झाल्याचे एका वाक्यात लिहिलेले होते. मी तेव्हाच विचारले, "अरे, मापांचा कागद कुठे आहे?" त्यावर तो म्हणाला, "मामा, शिक्का आहे ना!" मीही पुढे ताणले नाही, आणि आयुष्यभर मापे घेऊन पोट भरलेल्या माणसाने तेव्हा ताणायला हवे होते.

ती पेटी गाळ्यात तीन पावसाळे राहिली. ठाणे खाडीच्या काठच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा कशी असते, हे ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाना चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. रात्री पुसून ठेवलेल्या लेथच्या बेडवर सकाळी गंजाची लव आलेली असते. इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या दाण्यांचे पारदर्शक प्लग बसवलेले होते. ते दाणे कोरडे असेपर्यंत निळे असतात आणि ओल भरली की गुलाबी होतात. तिसऱ्या वर्षी नवरात्रात पेटी उघडली तेव्हा चारही सिलिंडरांचे दाणे गुलाबी झालेले होते. एक सिलिंडर उतरवून आत टॉर्च मारला. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हा क्रँकशाफ्टच्या वरच्या अंगाला असतो आणि त्याला मुख्यतः क्रँक फिरताना उडणारे तेल मिळते. इंजिन बंद राहिले की तेल हळूहळू खाली निथळून जाते आणि कॅम उघडा पडतो. आम्हाला दिसले ते असे, की कॅमच्या दोन नाकांवर, म्हणजे उंचवट्यांवर, तिळाएवढे तांबूस ठिपके पडले होते, आणि पुसल्यावर डाग गेला तरी नख फिरवले की खळगा लागत होता. असा कॅम चालवला तर तो त्यावर टेकणाऱ्या टॅपेटचा पृष्ठभाग खरवडतो, लोखंडाचा कीस तेलात उतरतो आणि व्हॉल्व्ह हळूहळू कमी उघडू लागतो.

कॅम बदलायचा तर क्रँककेसचे दोन्ही अर्ध उघडावे लागतात. उघडलेच आहे तर मी क्रँकशाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल चार-चार ठिकाणी मोजला. मुख्य जर्नल चांगले निघाले. कनेक्टिंग रॉडच्या चार जर्नलपैकी दोन मात्र वापरण्याच्या मर्यादेच्या आत, पण अर्ध्या थाऊहून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी अंतराने आत होते. ज्यांनी ते इंजिन बांधून विकले त्यांनी नियम मोडला नाही. मात्र ही मापे आधी हाती असती तर आम्ही त्या किमतीला ते इंजिन घेतले नसते, आणि हीच माझी खरी तक्रार आहे.

इथे एक गोष्ट आमच्या धंद्यातील मित्रांसाठी मुद्दाम लिहितो. माझ्या मुलाकडे आजही ग्राइंडिंगचे मशीन आहे, माझा हात अजून थरथरत नाही, आणि तरीही तो क्रँक मी आमच्या मशीनवर चढवला नाही. या क्रँकच्या पृष्ठभागाला नायट्रायडिंगने, म्हणजे नायट्रोजन मुरवून, आणलेला कडकपणा फार खोल नसतो. दहा थाऊ ग्राइंड केले की पुन्हा नायट्रायडिंग करावे लागते. त्याहून मोठा धोका जर्नल जिथे क्रँकच्या गालाला, म्हणजे बाजूच्या जाड भिंतीला, मिळतो त्या गोलाईत असतो. ट्रकच्या क्रँकची ही गोलाई थोडी चुकली तर तो क्रँक दोन वर्षांनी घाटात मोडतो आणि ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. विमानाच्या क्रँकवर प्रोपेलरच थेट बसलेला असतो. त्याच्या गोलाईत ग्राइंडिंगच्या चाकाने एक बारीक ओरखडा ठेवला तर तडा तिथूनच सुरू होणार. आम्ही तो क्रँक विमानांच्या इंजिनांचेच काम करणाऱ्या मान्यताप्राप्त कार्यशाळेकडे पाठवला आणि परत येताना प्रत्येक जर्नलच्या मापांचा कागद लेखी मागून घेतला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानासाठी चार्ली टेलर यांनी सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन सहा आठवड्यांत बांधले आणि त्याचा क्रँक सुमारे शंभर पौंडांच्या पोलादी लादीतून कोरून काढला, हे वाचताना मला नेहमी भरून येते. पण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढे आहे.

एवढे सगळे होईपर्यंत खर्च नव्या इंजिनाच्या जवळ गेला. म्हणजे पत्रलेखकांचेच खरे ठरले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण आमचे नुकसान दोन गोष्टींमुळे झाले: मापे न पाहता घेतले आणि गरजेच्या तीन वर्षे आधी घेतले. नवे इंजिन त्याच पेटीत, त्याच गाळ्यात तीन पावसाळे ठेवले असते तरी कॅमवर तेच ठिपके आले असते, आणि तेव्हा हमीची मुदतही बहुधा संपत आलेली असती. गंजाच्या हिशेबाने इंजिनाचे वय ते बांधून झाल्या दिवसापासून मोजायचे असते, उडाल्या दिवसापासून नव्हे. म्हणून हौशी विमान बांधणाऱ्याने इंजिन सर्वांत शेवटी घ्यावे. इंजिन बसवण्याचा सांगाडा आणि काउलिंग (इंजिनावरचे आवरण) जुळवायला मापासाठी रिकामे, निकामी क्रँककेस उसने मिळाले तरी काम भागते.

किमतीच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाच्या ज्या किमती छापलेल्या दिसतात त्या बहुधा अदलाबदलीच्या असतात, म्हणजे आपले जुने इंजिन परत दिले तरच त्या लागू होतात. ज्याचे विमान आधीपासून उडते आहे त्याच्याकडे परत द्यायला इंजिन असते. ज्याचे विमान अजून गाळ्यात आकार घेत आहे त्याच्याकडे काहीच नसते. मग त्याला त्या जुन्या इंजिनाची रक्कम वेगळी भरावी लागते, किंवा कुठून तरी थकलेले इंजिन मिळवून ते ओव्हरहॉलला द्यावे लागते. अशा वेळी उघडल्यावर क्रँककेसला तडा किंवा प्रोपेलर जमिनीला आपटल्याची जुनी खूण निघाली की सगळे गणित कोसळते. हे धरून मोजले तर अंतर पुष्कळदा वाटते त्याहून कमी भरते, आणि तेव्हा नवे घेणेच शहाणपणाचे असते. कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, इंधन पंप आणि स्टार्टर ओव्हरहॉलमध्ये धरले आहेत की नाहीत, तसेच सिलिंडर नवे आहेत की जुनेच पुन्हा बोअर केलेले, हेही लेखी विचारावे. सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे डोके किती तास तापले आणि थंड झाले याची नोंद नसेल, तर माझे मत नवे सिलिंडर घालावेत असे आहे.

नवे म्हणजे निर्दोष, ही समजूतही टिकत नाही. २०१७ साली लायकमिंगने कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकातील बुशांबद्दल तपासणीचे पत्रक काढले आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ती तपासणी सक्तीची केली. त्यात कारखान्यातून नुकतीच निघालेली इंजिनेही होती आणि तेच भाग घालून ओव्हरहॉल झालेलीही होती. पिस्टन इंजिनाचे बांधणीतील दोष बाहेर येतात ते बहुधा सुरुवातीच्या तासांत, मग ते इंजिन कारखान्यात बांधलेले असो वा कार्यशाळेत.

याच सुरुवातीच्या तासांचा एक पेच हौशी विमानाच्या वाट्याला येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. होनिंग केलेल्या, म्हणजे दगडाने बारीक घासलेल्या, सिलिंडरच्या आत जी तिरपी जाळी असते तिच्यावर रिंगा घासून बसायच्या, तर इंजिनाला सुरुवातीलाच भरपूर जोर द्यावा लागतो. कमी जोरावर जमिनीवर रेंगाळत चालवले तर त्या जाळीवर जळक्या तेलाचा काचेसारखा थर चढतो, रिंगा बसत नाहीत आणि तेल कायम जळत राहते. उलट नव्या, कधीच न उडालेल्या विमानाला जमिनीवर पुष्कळ चाचण्या हव्या असतात: ब्रेक, सुकाणू, थंड होण्याची व्यवस्था, सगळे हळूहळू तपासायचे असते. म्हणजे विमानाला जे हवे ते इंजिनाला सोसत नाही. यावर उपाय एकच, इंजिन विमानात बसण्याआधी चाचणी-स्टँडवर नीट जोरात चालवलेले असणे. मोठे निर्माते नवे इंजिन असे चालवूनच पाठवतात. ओव्हरहॉल करणाऱ्याकडे असा स्टँड नसेल, किंवा त्यावरील तापमान, तेलाचा दाब आणि फेऱ्यांची नोंद तो देत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी मी ते इंजिन घेणार नाही.

वाचलेल्या पैशांचे काय करावे, हेही सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शक्तियंत्रणा बंद पडणे आणि उडताना ताबा सुटणे ही प्रमुख कारणे निघाली, आणि बरेच अपघात विमानाच्या अगदी पहिल्या उड्डाणांत झालेले आढळले. शक्तियंत्रणा म्हणजे केवळ क्रँक आणि पिस्टन नव्हे. तीत टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी, तिची वळणे, गाळणी, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक हे सगळे येते, आणि तो भाग विमान बांधणाऱ्याने स्वतःच्या हातांनी केलेला असतो. आम्ही पुढच्या चाकाखाली फळ्या रचून विमानाचे नाक चढाईच्या कोनात वर केले, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवली आणि टाकीत शेवटचे थोडे इंधन असताना बादलीत येणारी धार घड्याळ लावून मोजली. टाकी उंचावर असून इंधन केवळ उताराने येत असेल तर पूर्ण जोरावर लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट धार हवी, असा मान्य दंडक आहे. म्हणजे ताशी ५० लिटर लागत असेल तर ७५ लिटर. आम्हाला पहिल्या खेपेस ५८ मिळाले. नळीतील एक कोपर बदलला, झाकणाचे भोक मोठे केले आणि मग आकडा ७८ वर गेला. इंजिन नवे कोरे असते तरी ५८ ची धार ५८ च राहिली असती.

इंजिन निवडताना इंधनाचाही विचार आधी करावा. लायकमिंगला एव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचे खास पेट्रोल, लागते. आपण ते पूर्वी पूर्णपणे आयात करत होतो. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू केले आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पहिली निर्यात आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून झाली. मोटारीच्या पेट्रोलवर चालणारे १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ हलक्या विमानासाठी उत्तम आहे, पण त्याच्या निर्मात्याने पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे म्हटले आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिश्रण मिळते. कोपरखैरण्याच्या पंपावरून कॅन भरून आणू, असे मनात धरून कोणी ते इंजिन घेऊ नये.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. विमान वर्षभरात उडणार असेल, ओव्हरहॉल नव्या मापांना झालेले असेल, जर्नल-जर्नलचे माप, तडे-तपासणीचा दाखला, बदललेल्या भागांची यादी आणि स्टँडवरील नोंद हाती मिळत असेल, तर ओव्हरहॉल केलेले इंजिन घ्यायला कोणीही संकोच करू नये. यांपैकी एक जरी कागद मिळत नसेल तर नवे घ्यावे, आणि नवे परवडत नसेल तर आणखी एक वर्ष थांबावे.

भाच्याच्या इंजिनाच्या नोंदवहीत आता मापांची चार पाने चिकटवलेली आहेत. त्यांत ते अर्ध्या थाऊचे जुने आकडेही आम्ही खोडलेले नाहीत. पत्रलेखकांनी रबाळ्याला यावे आणि ती पाने स्वतः पाहावीत, अशी त्यांना माझी मनापासून विनंती आहे. गाळा रविवारी सकाळी नऊपासून उघडा असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्राइंडिंग कारखानदार
नौपाडा, ठाणे